फोटोत दिसत नाही ते आधी शिवा

वाचकांचे प्रश्न, शिवणकामाच्या बाईंची उत्तरे

मागे जुन्या लष्करी गणवेशांबद्दल या पानावर चार ओळी लिहिल्या आणि टपाल एकदम वाढलं. बहुतेक पत्रं थंडीच्या कपड्यांविषयी आहेत. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी शक्य नाही. एका पत्राचं उत्तर मात्र मुद्दाम लांबवते आहे, कारण त्यात बाकीच्या निम्म्या पत्रांची उत्तरं येऊन जातात.

प्रश्न : काकू, सा. न. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, पहिल्या बटालियनमध्ये. इटलीत गेले होते. घरात त्यांचा एकच फोटो आहे. लांब ओव्हरकोट, डोक्याला लोकरी टोपी, पायांशी बर्फ. मागे पेन्सिलीने ‘४४’ लिहिलंय. तसाच्या तसा वेष तयार करून आमच्या गावच्या शाळेत मांडायचा आहे आणि एकदा अंगावर घालूनही बघायचा आहे. ओव्हरकोटाला कापड कोणतं घेऊ? — बी.एस्सी.चा विद्यार्थी, सातारा जिल्हा

उत्तर : ओव्हरकोटाला हातच लावू नकोस. तो सगळ्यात शेवटी. थंडीचा वेष करणारे बहुतेक जण वरचा कोट शिवतात, आत आपला टी-शर्ट घालतात आणि फोटो काढतात. असा कोट अंगावर लोंबतो, खांद्यावर बसत नाही, कारण तो मापला गेलेला असतो आत चार कपडे आहेत असं धरून. फोटोत जे दिसत नाही ते आधी शिव. मग वरच्याचं माप आपोआप कळेल.

त्याआधी तारीख ठरव. तुझ्या आजोबांच्या भावाची पलटण, म्हणजे १/५ मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन), आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती. नोव्हेंबर १९४३ मध्ये ही डिव्हिजन इटलीच्या पूर्वेला, एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला सांग्रो नदीवर लढत होती. १९४४ चा पावसाळी शरद आणि हिवाळ्याची सुरुवात अपेनाइन डोंगरांत गेली. त्या वर्षी २६ डिसेंबरला जर्मन आणि इटालियन फौजांनी पश्चिमेला सेर्किओ नदीच्या खोऱ्यात, बार्गा गावाच्या आसपास, अमेरिकनांच्या ९२ व्या डिव्हिजनवर हल्ला चढवला, तेव्हा ती फळी सावरायला आठवी डिव्हिजन तिकडे धावली. म्हणजे ‘४४’ हा आकडा जानेवारीचाही असेल आणि डिसेंबरचाही. मी तुझ्या जागी असते तर डिसेंबर १९४४ धरला असता. एका चिठ्ठीवर ‘अमुक नाईक, सेर्किओ खोरं, डिसेंबर १९४४’ असं लिहून मशीनवर चिकटवून ठेव. पुढं कुठलीही वस्तू घेताना त्या चिठ्ठीला विचारायचं. ‘दुसऱ्या महायुद्धातला सैनिक’ असा वेष कधीच जमत नाही, कारण असा सैनिक कुठं उभाच नव्हता. तो दर वेळी कुठल्या तरी आठवड्यात, कुठल्या तरी चिखलात होता.

आता आतून बाहेर येऊ. अंगाला लागून लोकरी बनियन आणि लांब लोकरी विजार. त्यावर अंगोला शर्ट. अंगोला म्हणजे लोकर आणि सूत मिसळलेलं मऊ कापड. साध्या शिपायाच्या शर्टाला तेव्हा कॉलर नसे, पट्टी असे. बटणं छातीपर्यंतच, शर्ट डोक्यातून घालायचा. बाजारात हे कापड मागून मिळणार नाही. ‘टेरीवूल’ म्हणून जे पुढं करतील ते घेऊ नकोस, त्यात पॉलिएस्टर असतं. लोकर-सुताचं फ्लॅनेल शोध. नाहीच मिळालं तर जाड सुती फ्लॅनेल चालवून घे आणि प्रदर्शनातल्या पाटीवर तसं लिही. शर्टावर बिनकॉलरची किंवा गळ्याशी व्ही असलेली खाकी लोकरी जर्सी.

तिच्यावर बॅटलड्रेस. हा म्हणजे आखूड ब्लाऊज आणि उंच कमरेची पँट, दोन्ही लोकरी सर्जची. १९४२ पासून निघालेल्या काटकसरीच्या नमुन्यात, ज्याला १९४० पॅटर्न म्हणतात, ब्लाऊजच्या खिशांच्या चुण्या काढून टाकल्या आणि पुढची बटणं झाकणाऱ्या पट्टीलाही फाटा दिला. बटणं उघडी दिसतात ती त्यामुळं. पँटला डाव्या मांडीवर मोठा नकाशाचा खिसा आणि उजव्या कुल्ल्याच्या पुढच्या अंगाला मलमपट्टी ठेवायचा छोटा खिसा. हे दोन खिसे डावे-उजवे बदलून शिवलेले मी इतके पाहिलेत की आता बोलायचंच सोडलं आहे.

सर्ज कशी ओळखायची? कापड उजेडात धर. तिरक्या रेघा दिसल्या पाहिजेत, म्हणजे वीण ट्विलची आहे. कांबळ्याचं कापड दाबून केसाळ केलेलं असतं, त्यात रेघ दिसत नाही. लोक खाकी ब्लँकेट फाडून ब्लाऊज शिवतात. तो फुगतो, कोपरात जाड होतो आणि कॉलर उभी राहत नाही. मग एक धागा उपसून जाळून बघ. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरली की भुगा होतो. वितळून कडक मणी झाला तर दुकानदाराला राम राम करून बाहेर पड. रंगाचा मात्र फार बाऊ करू नकोस. इटलीत ब्रिटनमध्ये शिवलेले बॅटलड्रेस होते तसे अमेरिकेत शिवून आलेलेही होते, आणि अमेरिकन कापड जास्त हिरवट असे. एकाच सेक्शनमध्ये दोन छटा दिसू शकतात. इंटरनेटवर छटेवरून भांडणारे लोक भेटतील, त्यांना भांडू दे.

कापण्याआधी कापड आटवून घे. ओल्या चादरीत गुंडाळून रात्रभर ठेवायचं, सकाळी सावलीत सुकवायचं, मग ओलं फडकं ठेवून इस्तरी. हे न करता शिवलास तर पहिल्या वाफेला बाही आखूड होईल. कॉलरला गळ्याशी हूक असतो. सर्ज मानेला करवतीगत काचते, म्हणून लोक आतून मऊ अस्तर लावायला बघतात. लावू नकोस. काचू दे. ती माणसं गळ्याशी मफलर का गुंडाळत, हे दुसऱ्या कोणी सांगायला नको.

आणि कंबर! पँटची कंबर बेंबीवर बसली पाहिजे. हल्लीच्या पोरांना पँट कमरेखाली घालायची सवय. ब्लाऊज मुळातच आखूड, मागच्या बाजूनं तो पँटला बटणांनी जोडलेला असतो. पँट खाली घातली तर वाकताना पाठीवर टीचभर उघडं राहतं आणि थंडी थेट तिथून शिरते. कॅमेऱ्यात ते दिसणार नाही. महाबळेश्वरला जानेवारीत पहाटे पाच वाजता घालून उभा राहा, मग कळेल.

इथवर झालं की ओव्हरकोटाकडं वळ. दोन ओळी पितळी बटणं, रुंद कॉलर, पाठीवर उभी चुणी आणि मागं अर्धा पट्टा. हे सगळं खाली घालून, हात पुढं करून, मग छातीचं माप घ्यायचं. कापड सर्जपेक्षा बरंच जाड लागतं आणि घरच्या मशीनला कडेच्या चार पदरांतून सुई जाणार नाही. तेवढ्यापुरतं एखाद्या कोटवाल्या शिंप्याचं मशीन गाठ. काजं हातानं कर. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी जुने लष्करी ओव्हरकोट अधूनमधून येतात, पण ते बहुतेक स्वातंत्र्यानंतरचे. कापड म्हणून घ्यायला हरकत नाही, उसवून पुन्हा बेतता येतात.

छातीवर पदकं लावायची हौस होईल. ‘इटली स्टार’ जाहीर झाला मे १९४५ मध्ये. तुझ्या चिठ्ठीवर डिसेंबर १९४४ आहे. घरात ते पदक असेल तर शेजारी वेगळ्या डबीत मांड, नावानिशी.

प्रश्न : युद्धातल्या सैनिकांच्या फोटोंतली लोकरी टोपी घरी विणता येईल का? नातवाला हवी आहे. — गृहिणी, नाशिक

उत्तर : येईल, आणि सगळ्या वेषात हीच वस्तू सर्वांत लवकर होते. ती खरी टोपी नव्हेच. दोन्ही तोंडं बंद असलेली ती एक लांब विणलेली नळी. एक टोक आत ढकलून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं, म्हणजे दुहेरी पिशवी होते. मग उघडी कड दोनदा वर दुमडली की टोपी. उलगडून गळ्याभोवती टाकली की मफलर. सैनिकाच्या खिशात जागा कमी, त्यामुळं एका वस्तूची दोन कामं.

नातवाच्या डोक्याचा घेर मोजा, त्यातून दोन बोटं कमी करा, कारण लोकर ताणते. दोन्हीकडं टोक असलेल्या चार सुयांवर गोल विणा, सगळे सुलट टाके. वर आल्यावर टाके घटवत तोंड बंद करा. सुरुवातीच्या टोकाचे टाके उचलून तिथंही तसंच करून दुसरं तोंड मिटवा. बॉर्डर, जाळी, पोकळ विण काही नको. लांबी एवढी हवी की आत ढकलल्यावर दोन घड्या घालूनही टोपी कानाच्या पाळीला टेकेल. रंग मातकट खाकी, हिरवा नव्हे. कॅशमिलॉन वापरू नका. ते दिसतं लोकरीसारखं, पण भिजलं की त्याच्यात ऊब राहत नाही. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते, आणि इटलीतला तो हिवाळा बर्फाइतकाच पावसाचा आणि चिखलाचा होता.

स्टीलच्या हेल्मेटखालीही ही टोपी घालत. पोराला ते सांगा, त्याला आवडेल.

प्रश्न : इटलीत लढलेल्या ब्रिटिश आठव्या आर्मीच्या हिवाळी फोटोंत अंगात चामडी बंडी दिसते. आमच्या घरात चामडं चालत नाही. रेक्झिनची केली तर? — निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर

उत्तर : करू नका. बंडीचं सगळं कसब त्या चामड्यातच आहे. पहिल्या महायुद्धापासून चालत आलेला हा कपडा. बाह्या नाहीत, पुढं चार मोठी बटणं, आत खाकी लोकरी अस्तर. चामडं वारा अडवतं, अस्तर ऊब देतं आणि हात मोकळे राहतात. भिजलेला ओव्हरकोट घालून खंदक खणता येत नाही, खेचरावर ओझं चढवता येत नाही. म्हणून कामाच्या माणसाला बंडी लाडकी. रेक्झिन आत घाम कोंडतं, घडीवर तडकतं आणि दहा फुटांवरून ओळखू येतं.

तुम्हाला वाट आहे, आणि ती सोपी आहे. ज्याला बंडी मिळाली नव्हती असा सैनिक करा. ओव्हरकोट घाला, किंवा जर्सी-ब्लाऊजवर पातळ मेणकापडी गॅस केप घ्या. विषारी वायूसाठी दिलेली ही केप प्रत्यक्षात रेनकोट म्हणूनच झिजली. घरातल्या माणसांचं मन राखून वेष खरा ठेवता येतो.

ज्यांना चामडं चालतं त्यांच्यासाठी : अस्तराला जुनं लाल इमलीचं किंवा धारीवालचं ब्लँकेट मिळालं तर उत्तम. कानपूर आणि धारीवाल इथल्या या गिरण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लष्कराला लोकर पुरवली. अस्तर चामड्याला थोडं सैल लावा. तंग लावलंत तर खालची कड आत वळते.

प्रश्न : पट्टे, बूट, पाऊच सगळं विलायतेहूनच मागवावं लागतं का? — पिंपरी

उत्तर : नाही. १९३७ पॅटर्नचे पट्टे त्या काळी हिंदुस्थानातही बनत. त्यांवर बाणाच्या खुणेखाली इंग्रजी ‘आय’ असा शिक्का असतो. भारतीय मालाची वीण विलायतीपेक्षा ढोबळ असे, त्यामुळं आपल्याकडं केलेली नक्कल उलट जास्त शोभते. फक्त खाटेची निवार घेऊ नका, ती पातळ आणि लेची. ट्रकच्या ताडपत्रीला जे जाड सुती पट्टे लावतात ते बघा आणि पितळी बकलं तांबटाकडून ओतून घ्या.

बूट काळे, घोट्यावर चढणारे, चामडी तळाचे, खाली खिळे आणि टाचेला नाल. रबरी तळाचा बूट दुरूनही कळतो, चालताना आवाजच येत नाही. पण नाल ठोकलेला बूट घालून शाळेच्या किंवा सभागृहाच्या गुळगुळीत फरशीवर चढू नका, कंबरडं मोडेल. पायमोजे दोन जोड, लोकरी, आणि बूट त्या दोन मोज्यांवर मापून घ्या.

प्रश्न : नामदेव जाधवांचा हिवाळी वेष करायचा आहे. — शिक्षक, अहिल्यानगर

उत्तर : गुरुजी, हिवाळी नको. शिपाई नामदेव जाधवांना ज्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती ९ एप्रिल १९४५ ची, सेनिओ नदीच्या बांधावरची. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या, होते. दोन जखमी सहकाऱ्यांना त्यांनी पाण्यातून आणि सुरुंगांतून मागं आणलं. हाताला जखम झाल्यावर टॉमी गन चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बनं मशीनगनच्या चौक्या मोडल्या. कमरेएवढ्या पाण्यातून जाणाऱ्या माणसाच्या अंगात ओव्हरकोट चढवू नका. नाईक यशवंत घाडगे यांची व्हिक्टोरिया क्रॉसची कामगिरी तर १० जुलै १९४४ ची, टायबरच्या वरच्या खोऱ्यातली, ऐन उन्हाळ्यातली. ते तिसऱ्या बटालियनचे, दहाव्या डिव्हिजनमधले.

माझं मत विचाराल तर हिवाळ्यासाठी नावाजलेला माणूस निवडूच नये. ज्यांची नावं कुठं छापून आली नाहीत अशा असंख्य शिपायांनी तो हिवाळा काढला. मुलांना त्यांतला एक दाखवा.

प्रश्न : असा वेष घालून रस्त्यानं गेलो तर पोलिस पकडतील का? — ठाणे

उत्तर : लोकांना आपण सैनिक आहोत असं वाटावं या हेतूनं लष्करी पोशाख घालणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम १६८ आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जुना वेष प्रदर्शनात घालण्यात तो हेतू नसतो, पण रस्त्यावरच्या माणसाला १९४४ आणि आज यांतला फरक कळेलच असं नाही. म्हणून घरून साध्या कपड्यांत जा, तिथं बदला. आजच्या लष्कराचा लढाऊ गणवेश, विशेषतः २०२२ साली आलेला नवा नमुना, कशातही मिसळू नका. बंदूक लाकडाची ठेवा, तीही प्रवासात कापडात गुंडाळून. मिरवणूक असेल तर पोलिस ठाण्यात आधी अर्ज द्या.

प्रश्न : पानिपतच्या थंडीत मराठ्यांच्या अंगावर काय होतं? आमच्या मंडळाला देखावा करायचा आहे. — इचलकरंजी

उत्तर : फौज दक्षिणेतून निघाली १७६० च्या मार्चमध्ये, लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला, आणि त्याआधीचे अडीच महिने छावणी पानिपतला अडकून पडलेली. अन्न तुटलं तसे कपडेही विरले असणार. त्यामुळं कोऱ्या मखमलीचे अंगरखे घालून माणसं उभी करू नका. सरदाराला कापूस भरलेला डगला द्या, गोधडीच्या धावदोऱ्यानं टीप घातलेला. साध्या माणसाच्या खांद्यावर काळं घोंगडं. घोंगडं हातमागाचंच घ्या, दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, चिंचोक्याची खळ दिलेलं. सोलापूर, सांगली भागात अजून मिळतं. नवं असेल तर आधी मंडळातल्या पोरांना महिनाभर त्यावर झोपवा. थर्माकोलचा बर्फ टाकणार असाल तर टाकू नका, पानिपतला धुकं पडतं.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त मिलानला असते. पणजोबा इटलीत पडले. फोर्लीच्या स्मशानभूमीत त्यांचं नाव आहे. त्यांच्यासारखा गणवेश घालून तिथं जावं असं मनात आहे. — मूळ गाव चिपळूण

उत्तर : मला पटत नाही, आणि तुम्ही विचारलंत म्हणजे तुम्हालाही थोडं खटकत असावं. फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं स्मारकही. तिथं साडी नेसून जा, किंवा रोजच्या कोटात जा. गणवेश अंगावर चढवायचाच असेल तर मोंतोनेसारख्या गावांत जिथं स्थानिक लोक कार्यक्रम करतात तिथं, त्यांना आधी विचारून. मोंतोनेला २०२३ साली यशवंत घाडगे यांच्या नावानं सूर्यघडीचं स्मारक उभं राहिलं आहे.

तुमच्याकडं पणजोबांचा जो फोटो आहे त्याची प्रत मात्र मला हवी आहे. बाही कोपरापाशी कशी पडते ते मला बघायचं आहे. आणि सगळ्यांनाच सांगते, फोटो पाठवाल तर मागची बाजूही पाठवा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीचा आकडा, पत्ता, जे असेल ते. पुढच्या अंकात मफलर आणि हातमोजे घेऊ. टिपणं पोस्टकार्डावर नकोत, मला चष्म्यानंही वाचता येत नाहीत.